उन्हाळ्यात वाइनरीत काय पाहायचं? : वाचकांचे प्रश्न

उन्हाळ्यातला द्राक्षमळा आणि नवी वाइन यांबद्दल प्रश्न पाठवा, असं आवाहन संपादकांनी मागच्या अंकात केलं होतं. लातूर, जालना, परभणी, अंबाजोगाई, संभाजीनगर अशा सगळीकडून पत्रं आली. मी तुळजापूर तालुक्यात, बालाघाटाच्या उतारावरच्या एका वाइनरीत मळा आणि टाक्या दोन्ही सांभाळते. जे रोज हाताखालून जातं त्यावरूनच उत्तरं देते आहे.

प्रश्न : ताई, मेच्या सुटीत बहीण आणि मेहुणे पुण्याहून येणार आहेत. त्यांना वाइनरी दाखवावी असं मनात आहे. पण शाळेत सगळे म्हणतात, द्राक्षं मार्चमध्येच संपतात, उन्हाळ्यात नुसती खोडं बघायची का? यावं की हिवाळ्यापर्यंत थांबावं? (एक शिक्षिका, लातूर)

उत्तर : बाई, मेमध्येच या. द्राक्षं दिसणार नाहीत हे खरं. आमच्याकडं सोव्हिन्याँ ब्लाँची तोडणी जानेवारीच्या शेवटी सुरू होते आणि कॅबर्नेची मार्चमध्ये संपते. मग वेलीला दोन-तीन आठवडे विश्रांती, आणि एप्रिल लागला की खरड छाटणी. वर्षभर वाढवलेली काडी बुडाशी एक डोळा राखून कापून टाकायची. त्या दिवशी मळा बघितला तर नवख्या माणसाचा जीव कळवळतो. तारांवर उघडे ओलांडे, म्हणजे वेलीचे आडवे हात, आणि खाली काड्यांचा खच, बाकी काही नाही.

पण पुढच्या फेब्रुवारीत टाकीत काय पडणार, याचा निकाल इथून पुढच्या दोन महिन्यांत लागतो. छाटणीनंतर नवे फुटवे निघतात, त्यांच्या प्रत्येक पानाच्या बगलेत डोळा धरतो, आणि साधारण चाळीस ते साठ दिवसांत त्या डोळ्याच्या आत ठरतं की पुढं त्यातून घड निघणार की नुसती बाळी, म्हणजे तारेला विळखा घालणारा तंतू. त्यासाठी वेलीला ऊन लागतं, थेट आणि भरपूर. एप्रिल-मेमधलं आपलं निरभ्र ऊन, ज्याला आपण दिवसभर शिव्या घालतो, तेच घड बसवतं. छाटणी लांबली आणि हा नाजूक काळ जूनच्या ढगांत सापडला, तर ऑक्टोबरच्या फळ छाटणीत कितीही जीव टाका, घड कमीच निघतात. म्हणून मी म्हणते की मराठवाड्यातली वाइन समजून घ्यायची असेल तर उन्हाळ्यात यावं. हिवाळ्यात घड लटकलेले दिसतात, फोटो छान येतात, पण तेव्हा ठरायचं ते ठरून गेलेलं असतं.

आमच्या छोट्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक आहे. मेच्या अखेरीस मी काडीच्या मधल्या पेरावरचा एक डोळा काढून ब्लेडनं उभा चिरते. बाहेरून तो जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढा. वर तपकिरी खवले, त्याखाली पांढरट लव, आणि अगदी मधोमध हिरवट ठिपका. घड धरला असेल तर त्या ठिपक्याच्या कडेला बारीक उंचवट्यांची रांग दिसते. पुढच्या वर्षीचा घड तो. तुमच्या मेहुण्यांना मुद्दाम दाखवीन.

एप्रिलमध्ये आलात तर वेगळंच काम दिसेल. पारा चाळिशीपार गेला की डोळे एकसारखे फुटत नाहीत, एक आज फुटतो तर शेजारचा आठवड्यानं. मग ओलांड्यांवर पाणी फवारायचं, डोळ्यांना पेस्टिंग करायचं, म्हणजे ते एकदम फुटावेत म्हणून औषध लावायचं. पेस्टिंगचं औषध जहाल असतं, त्यामुळं हातमोज्यांशिवाय कुणाला मी डबा उघडू देत नाही. आमचे मुकादम सकाळी उजाडताच ओलांड्यावरून बोट फिरवत जातात. ‘ताई, डोळा फुगायलाय’ असं त्यांच्या तोंडून आलं की मला हायसं वाटतं.

आणि टाक्या. यंदाच्या पांढऱ्या वाइन एप्रिल-मेमध्येच गाळून बाटलीत जातात, त्याच्या आधी त्या टाकीच्या नळातून थेट ग्लासात घेऊन चाखता येतात. नव्या शेनिन ब्लाँला पिकल्या केळ्याचा वास येतो, अगदी स्पष्ट. तो किण्वनातून, म्हणजे रस आंबताना, आलेला असतो आणि काही महिन्यांत विरतो, म्हणजे बाटली घेऊन दिवाळीत उघडणाऱ्याला तो कधी भेटतच नाही. सोव्हिन्याँ ब्लाँला पेरूचा वास. द्राक्ष थोडं आधी तोडलं असेल तर ढोबळी मिरचीचाही. तांबड्या वाइनचं मात्र अजून शिजायचं असतं. त्यांच्यातलं मॅलिक आम्ल, म्हणजे हिरव्या सफरचंदात असतं ते, जिवाणू हळूहळू लॅक्टिक आम्लात बदलत असतात. आंबट धार बोथट होते. टाकीला कान लावला तर आत बारीक चुरचुर ऐकू येते.

सकाळी सातला या, दहानंतर मळ्यात उभं राहवत नाही. मुलं मळा बघतील आणि रस पितील, वाइन चाखायला मात्र कायद्यानं ठरवलेलं वय पाहिजे. आणि तुमच्यापैकी जो गाडी चालवणार त्यानं चाखायचं नाही, हे मी दारातच सांगते.

प्रश्न : ताई, दोन एकर थॉमसन, म्हणजे खायचं बिनबियांचं द्राक्ष आहे. दरवर्षी भाव पडला की बेदाणा करावा लागतो. वाइनचं द्राक्ष लावलं तर परवडेल का? जमीन मुरमाड आहे, बोअरचं पाणी थोडं खारं. (एक शेतकरी, औसा तालुका)

उत्तर : दादा, तुमच्या पत्रातली एक गोष्ट चांगली आहे आणि एका गोष्टीची मला काळजी वाटते.

चांगली गोष्ट जमीन. वाइनच्या द्राक्षाला भारी काळी जमीन मानवत नाही. वेल माजते, पानंच पाने होतात, घडाला ऊन मिळत नाही. मुरमाड जमिनीत पाण्याचा निचरा होतो, वेल आटोपशीर राहते, मणी बारीक होतो. वाइनला बारीक मणीच हवा, कारण रंग आणि वास मुख्यतः सालीत असतो, आणि मणी बारीक असला की रसाच्या मानानं साल जास्त पडते. तुम्ही थॉमसनचा मणी फुगवायला जीएत, म्हणजे जिबरेलिक आम्लाच्या द्रावणात, डिपिंग करता, विरळणी करता. ते सगळं इथं नको. खाऱ्या पाण्यालाही उपाय आहे. डॉगरिज खुंट, म्हणजे ज्याच्या मुळावर कलम करतात ती जात, क्षार आणि पाण्याचा ताण दोन्ही सोसतो, मराठवाड्यात त्याच्याशिवाय पान हलत नाही. पण डॉगरिजवर वेल जोरात वाढते, म्हणून वाइनसाठी ११०आरसारखे खुंटही वापरतात. लावण्याआधी माती आणि पाणी दोन्ही तपासून घ्या. चुनखडी जास्त निघाली तर पानं पिवळी पडतील, मग लोहाची फवारणी करत बसावं लागेल. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, तिथल्या शास्त्रज्ञांना अहवाल दाखवा. एक दिवस मोडेल, पण पुढची पंधरा वर्षं त्या एका निर्णयावर जाणार आहेत.

काळजी आहे ती विक्रीची. थॉमसन नाही विकलं तर बेदाणा होतो, गाडीवर विकता येतं, पाहुण्यांना वाटता येतं. कॅबर्ने, म्हणजे तांबड्या वाइनचं द्राक्ष, कोण खाणार? बिया मोठ्या, साल जाड. वाइनरीनं घेतलं नाही तर त्याला दुसरं गिऱ्हाईक नाही. २००१ साली राज्यानं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क झाले, आणि पुष्कळ शेतकऱ्यांनी वाइनचे वाण लावले. २००८-०९च्या मंदीत वाइनरींची खरेदी आटली आणि लोकांनी उभ्या बागा तोडल्या. ते लोक तुमच्या-माझ्यासारखेच मेहनती होते. चूक एवढीच की लावणी आधी झाली आणि करार नंतर, किंवा झालाच नाही. म्हणून दादा, आधी वाइनरीशी लेखी करार, त्यात वाण, दर, साखरेचं प्रमाण आणि पैसे किती दिवसांत, सगळं स्पष्ट. बहुतेक वाणांना २२ ते २४ ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर मोजायचं माप, लागते. त्याच्या खाली भाव कापतात का, किती कापतात, तेही कागदावर पाहिजे.

एकरी उताराही कमी येतो, आणि तो मुद्दाम कमी ठेवायचा असतो. फेब्रुवारीत खुंट लावला, ऑगस्ट-सप्टेंबरात कलम भरलं, तर पहिलं खरं फळ लावणीपासून दोन वर्षांनी. तेवढा काळ घर कशावर चालणार? माझं ऐकाल तर दोन्ही एकर मोडू नका. अर्धा एकर करून बघा. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट तुमच्या तालुक्यानं पाहिली आहे. सगळं एकाच फळावर ठेवायला आपलं आभाळ परवानगी देत नाही.

प्रश्न : बाटलीच्या तळाशी काचेसारखे खडे दिसले. भेसळ आहे का? बाटली फेकून दिली. (अंबाजोगाई)

उत्तर : फेकायला नको होती. ते टार्टारिक आम्लाचे क्षार असतात. चिंचेत जे आम्ल असतं तेच द्राक्षात असतं, आणि थंडीत ते पोटॅशियमबरोबर खड्यांच्या रूपात खाली बसतं. पांढऱ्या वाइनमध्ये साखरेसारखे दिसतात, तांबडीत जांभळट. बाटलीत भरण्याआधी आम्ही टाकी शून्याच्या खाली चारेक अंशांवर नेऊन ते आधीच पाडून घेतो. तरी एखाद्या बाटलीत राहतात, विशेषतः फ्रीजमध्ये खूप दिवस ठेवली तर. अपाय काही नाही. बाटली हळू ओता, शेवटचा घोट राहू द्या.

प्रश्न : आमच्या पिढीला वाटतं, द्राक्षं म्हणजे नाशिक-सांगली. मराठवाड्यात हे नवं खूळ नाही का? (निवृत्त अधिकारी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : काका, तुम्ही राहता तिथून दौलताबाद किती लांब आहे? १४व्या शतकात इब्न बतूता तिथं आला होता. त्यानं लिहून ठेवलं आहे की दौलताबादला द्राक्षं आणि डाळिंबं होतात आणि वर्षातून दोनदा फळ येतं. मला हे वाक्य फार आवडतं, कारण त्यात आपल्या हवेचं सगळं गणित आलं. थंड मुलखात बर्फ पडतं, वेल पानं गाळते, झोपते, वर्षाला एकदाच फळते. आपल्याकडं ती झोपतच नाही. सोडली तर फुटत राहते, फळत राहते, आणि तेवढ्यात दमून जाते. आज आपण जे करतो, म्हणजे एप्रिलची खरड छाटणी काडीसाठी आणि ऑक्टोबरची फळ छाटणी घडासाठी, दोन छाटण्या आणि पीक एकच, ते या न झोपणाऱ्या वेलीला शिस्त लावणं आहे. हिवाळ्यातलं पीक ठेवायचं, पावसाळ्यातलं सोडायचं, कारण पावसात डाऊनी हा बुरशीचा रोग काही शिल्लक ठेवत नाही.

दौलताबादच्या बागांत पूर्वी हबशी, फकडी, साहेबी असे वाण होते, जुन्या लोकांच्या बोलण्यात ती नावं अजून येतात. त्यातला एखादा वेल कुणाच्या परसात उरला असेल तर कृपा करून मला कळवा, मी कलमाच्या काड्या न्यायला स्वतः येईन. हे मी मनापासून लिहिते आहे.

प्रश्न : वाइनरीत पाण्यावर एवढी हिरवळ कशी परवडते? आमच्याकडं जनावरांना पाणी नाही. (जालना जिल्हा)

उत्तर : तुमचा राग रास्त आहे. २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, ते आपण कुणी विसरलेलो नाही. म्हणून आमच्या आवारात लॉन नाही, मी होऊ दिलं नाही. दारात बहावा आहे, एप्रिल-मेमध्ये नखशिखान्त पिवळा होतो आणि पाणी मागत नाही. कडुनिंब, बांधावर वाळा, कुंपणाला बोगनवेल. टाक्या धुतलेलं पाणी शुद्ध करून या झाडांनाच जातं. मळ्यात ठिबक आणि ओळीत उसाच्या पाचटाचं आच्छादन. पाचट काढून हात घालून बघा, भर मेमध्ये दुपारी खाली माती ओलसर लागते. छाटलेल्या काड्या जाळायच्या नाहीत, बारीक करून तोडणीनंतर उरलेल्या चोथ्यात मिसळून खत करायचं.

आणि तुमच्याच जिल्ह्यात कडवंची आहे. १९९६च्या सुमारास खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मार्गदर्शनाखाली त्या गावानं पाणलोटाचं काम सुरू केलं, पाणी आधी जिरवलं, मग शेततळी केली, मग द्राक्षं लावली. क्रम बघा. आमच्या भागात पुष्कळांनी तो उलटा केला, आधी बाग आणि मग बोअरमागून बोअर. बाग पाण्याची वैरी नाही, पण पाण्याचा हिशेब न करता लावलेली बाग गावाच्या विहिरी आटवते, आणि ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

प्रश्न : ओळींच्या टोकाला गुलाब का लावतात? शोभेसाठी? (कृषीची एक विद्यार्थिनी, परभणी)

उत्तर : शोभाही होते, पण मूळ कारण भुरी, म्हणजे पानांवर पांढरी भुकटी धरणारा बुरशीचा रोग. गुलाबावर भुरी लवकर दिसते, म्हणून युरोपात पूर्वीपासून ती धोक्याची सूचना मानत. बाळा, तू कृषीची विद्यार्थिनी आहेस म्हणून सांगते, गुलाबाची भुरी आणि द्राक्षाची भुरी या वेगवेगळ्या बुरशा आहेत, एकीवरून दुसरीला लागण होत नाही. दोघींना आवडणारी हवा तेवढी सारखी. आता हवामानाच्या नोंदी मोबाइलवर येतात, तरी मी गुलाब ठेवले आहेत. कामावरच्या बायका जाता-येता पान उलटून बघतात, आणि ती सवय मला मोलाची वाटते. आमच्याकडं मोगराही आहे, पण चाखायच्या खोलीपासून लांब. भर उन्हाळ्यात मोगऱ्याचा गजरा माळून कुणी आत आलं की त्या खोलीत सोव्हिन्याँचा पेरू कुणालाच सापडत नाही. गजरा बाहेर ओल्या रुमालात ठेवायची सोय केली आहे.

प्रश्न : लग्नात भेट आलेली वाइन कारच्या डिकीत राहिली, दोन दिवस. बूच वर आलंय. पिता येईल? (परभणी)

उत्तर : विषारी झालेली नाही, पण चव गेली असेल. उन्हात बंद गाडीत साठच्या आसपास तापमान जातं, वाइन फुगते, बूच ढकलते, हवा आत शिरते. मग तिला शिजवलेल्या फळाचा वास येतो. स्वयंपाकाला वापरा. पुढच्या वेळी बाटली घराच्या मधल्या खोलीत, कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात. माळवदाचं जुनं घर असेल तर त्याहून चांगली जागा नाही. बुचाची बाटली आडवी, फिरकीच्या झाकणाची कशीही. आणि तांबडी वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी हे पुस्तकातलं वाक्य विसरा. परभणीची मेमधली खोली अडतीस अंशांवर असते. तांबडी १६ ते १८ अंशांवर चांगली लागते, म्हणजे आधी फ्रीजमध्ये गार करून. पांढरी आठ-दहा अंशांवर.

प्रश्न : रोज एक ग्लास वाइन हृदयाला चांगली असते ना? यजमान तसं सांगून पितात. (बीड)

उत्तर : ताई, नाही. वाइनमध्ये १२ ते १४ टक्के अल्कोहोल असतं आणि अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली स्पष्ट केलं आहे. मी वाइन बनवते, तरी औषध म्हणून कुणाला देत नाही. चवीसाठी, कधीमधी, जेवणाबरोबर, एवढंच. यजमानांना रक्तदाबाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तेही नाही.

प्रश्न : यंदाच्या नव्या वाइनपैकी आपल्या जेवणाबरोबर काय घ्यावं? (धाराशिव)

उत्तर : आपलं जेवण तिखट, त्यामुळं पहिला नियम असा की जास्त अल्कोहोलची, लाकडाच्या पिंपात मुरलेली तांबडी तिखटाबरोबर नको, तोंड आणखी भाजतं. धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि दही असेल तर किंचित गोड शेनिन ब्लाँ घ्या, चांगली गार. काकडीच्या कोशिंबिरीबरोबर सोव्हिन्याँ. काळ्या मसाल्याच्या मटणाला यंदाची तरुण शिराज चालते, थोडी थंड करून. नान खलिया करणार असाल तर गेल्या वर्षीची शिराज शोधा, ती आता बरीच मवाळ झाली आहे. आमरसाबरोबर मात्र कुठलीच वाइन उघडू नका. आमरसाच्या गोडीपुढं ती आंबट आणि पाणचट लागते. आधी जेवण आणि आमरस होऊ द्या, बाटली दुसऱ्या दिवशी.